सतराव्या फेरीचं पेट्रोल

नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच आता.
किती पेट्रोल, किती हवा, ते आतली चिप ठरवते.
भद्रकालीतल्या माझ्या गाळ्यात
जेट काढायच्या बारीक पेचकसांचा डबा
पावतीपुस्तक उडू नये म्हणून ठेवलेला.

मे सरताना सायखेड्याहून छोटा हत्ती आला.
मागे गोधडीत गुंडाळलेलं होडीचं इंजिन,
आडव्या पडलेल्या बगळ्यासारखं,
एकच लांब पाय, पायाला तीन पात्यांचा पंखा.
सोबत गोटीराम लिलके. म्हणाला,
सोमवारी तपासणीय, साहेब येणारेत,
आणि दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी
हे साधं खाकरत नाही.

कुठं होतं?
पंचायतीच्या खोलीत, गणपतीच्या मखरामागं.
शेवटचं कधी चाललं?
पुराच्या रात्री. सहा वर्षं झाली.

मी बाउलचे स्क्रू सोडले.
पेट्रोल म्हणायचं नाही त्याला.
करपलेल्या गुळाचा पाक, वर आंबूस वास,
फ्लोट त्यात रुतलेला, नीडल बसली ती बसलीच.
कडेला पांढरी भुकटी, पेट्रोलात लपलेल्या पाण्याची करणी.
मेन जेट उजेडाकडे धरला.
त्यातून टाचणीच्या टोकाएवढी भद्रकाली दिसायला हवी.
दिसेना.

तार घालायची नाही.
शरणपूरचे सामुएल मास्तर
हातात तार दिसली की बोटांवर पाना मारत.
पितळ मऊ असतं रे. भोक एकदा मोठं झालं
की इंजिन जन्माचं अधाशी.
केरसुणीची काडी घे. भिजव. थांब.
थांबायला पैसे पडत नाहीत.

तर सगळं भिजत घातलं,
आणि गोटीराम स्टुलावर बसून बोलत राहिला.
सोळा फेऱ्या त्या रात्री. गंगा पार बाजारपेठेत.
शाळेच्या गच्चीवरून माणसं, शेरडं,
एक शिलाई मशीन, कारण बाई तिच्याशिवाय उतरेना.
टाकी भरून सतराव्या फेरीला निघालो
तर हाक देणारं कुणी उरलं नव्हतं.
हे चांगलं की वाईट, ते अंधारात कळेना.
काठाला लागलो, बटण दाबलं, पडलो तिथंच.
उजाडल्यावर डोकी मोजली, एक कमी.
मग तो सापडला, ट्रॅक्टरखाली घोरत.

म्हणजे माझ्या हाताला चिकटत होतं ते
सतराव्या फेरीचं,
न लागलेलं.
चिंधीनं पुसून घेतलं. चिंधी फेकायला गेलो,
आणि उगाच तारेवर वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी हवा मारली. चारही जेट बोलले.
गॅस्केट कापलं, जुळवलं,
निळ्या पिंपात पाणी भरून इंजिन कडेला अडकवलं.
नवव्या ओढीला खोकलं.
अकराव्या ओढीला सुरू.
मसालेवाला धुरानं शिव्या देत बाहेर आला,
बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुटली,
पिंपातल्या लाटा गल्लीत सांडल्या,
आणि गोटीरामनं सवयीनं दांडा धरला,
डोळे बारीक करून समोर बघत राहिला.
समोर हार्डवेअरच्या दुकानाचं शटर.

बंद करू? त्याचा अंगठा बटणावर.
म्हटलं, राहू दे. मी कॉक फिरवला.
बराच वेळ काही झालं नाही.
ते आतलं पीत राहिलं, बाउलच्या तळापर्यंत,
मग आवाज पातळ झाला, एकदाच वर चढला,
आणि आपला आपण थांबला.
आता ठेवा मखरामागं, म्हटलं.

कव्हरवर त्यानं खडूनं लिहिलं: आधी कॉक.
वर म्हणाला, खडू टिकायचा नाय, पण साहेबांपुरता टिकंल.

ग्रामसेवकाच्या नावानं बिल हवं होतं.
पावतीपुस्तकाकडे वळलो.
डबा दोन दिवस हाताशी होता ना,
पंख्यानं पानं उलटून
कुठल्या कुठं नेली होती.